ओळ एकशे बारा

बाहेर पंचेचाळीस. अनेरच्या वाळूतून आलेली माणसं
चोपड्याच्या दवाखान्यात कडुनिंबाखाली दाटीनं बसलेली.
आत, काचेच्या दाराआड,
जैतून तडवी सिस्टर तळहाताएवढ्या बाळाला
ऊब कमी पडते म्हणून मशीनशी भांडते आहे.

मी नोंदी करतो. कंत्राटी.
अकरा महिने, मग एक दिवस कुणीच नाही,
मग पुन्हा अकरा महिने.
माझ्याकडे बाळांना नावं नसतात.
सुनकीचं बाळ, मुलगा, चौदाशे ग्रॅम.
जमलीचं बाळ, मुलगी, टाळू दुभंगलेला.

जमलीला ती शिकवायची. वाटी, लांब चोचीचा चमचा,
गालाच्या कडेनं एक थेंब, थांब, आता दुसरा.
पोर ठसकलं की जमली चमचा टाकून व्हरांड्यात पळायची.
सिस्टर मागे जायची नाही. तिथूनच म्हणायची,
"ये, दूध निवतंय."
चौथ्या दिवशी जमली पळाली नाही.
रडत होती, पण चमचा सरळ होता.

सुनकीचं बाळ सतराव्या रात्री गेलं.
लाइट होती, ऑक्सिजन होता, डॉक्टर जागे होते.
शिव्या द्याव्यात असं कुणी नव्हतंच.
सिस्टरनं नळ्या काढल्या,
चिकटपट्टीचे डाग तेलाच्या बोटानं पुसत राहिली
हळूहळू, दुखेल म्हणून.
टोपी घातली. लोकरीची, मे महिन्यात.
मग त्याला सुनकीच्या मांडीवर दिलं, दार लोटून घेतलं
आणि बाहेर स्टुलावर बसली दीड तास.
जो येईल त्याला एवढंच: "आत आई आहे."

ड्रायव्हर म्हणाला, गाडी फाट्यापर्यंतच जाते.
ती काही बोलली नाही. पुढच्या सीटवर जाऊन बसली.
गाडी पाड्यापर्यंत गेली.

यातलं काही माझ्या ओळीत बसत नाही.
माझ्या ओळीत तारीख, वेळ, कारण.

आणि दीड महिन्यानं, कुठल्याशा दुसऱ्याच यंत्रातून
गुमान बारेलाच्या फोनवर मेसेज:
सुनकी यांच्या बाळाचे लसीकरण बाकी आहे.

सिस्टर माझ्या टेबलाशी.
"भाऊ, हाई ओळ काढी टाक ना."
"ताई, मी कवयच बंद करी. हाई वरथीन येस."
"वरथीन म्हंजे कोठून?"
जळगाव, म्हणालो. मग पुणे म्हणालो. मग गप्प बसलो.

तिनं केळीच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या कॅलेंडरवर गोल केले:
अडीच महिने, साडेतीन, नऊ.
आदल्या संध्याकाळी फोन लावायची.
"उद्या येईल. उघडू नको. सुनकीच्या हाती देऊ नको फोन."
टेकडीवर चढल्याशिवाय त्यांना रेंज नाही,
म्हणून कधी सातदा लावायची, कधी अकरादा,
मधेच उठून एखाद्या बाळाची कूस बदलून यायची.

नवव्या महिन्याला मी शेजारी होतो.
गुमान बागेत कामाला, मागे ट्रकमध्ये घड चढत होते.
तो म्हणाला,
"बाई, बंद नको करू ते.
सुनकी राखते सगळे. वाचता येत नाही तिला,
पण 'सुनकी' आणि 'बाळ',
एवढी अक्षरं ओळखते आता."

सिस्टरनं फोन दोन्ही हातांनी धरला.
बऱ्याच वेळानं विचारलं, "जेवते का नीट?"
पलीकडे घड मोजत होते कुणीतरी. एकवीस, बावीस.

फोन ठेवून माझ्याकडे वळली.
"सोळाव्या महिन्यानंतर?"
"मग पाचव्या वर्षी, ताई."
तिनं बोटांवर मोजलं. तोवर ती रिटायर.
"नंबर लिखी ठेव भाऊ.
एक दिन आधी फोन कर.
म्हना, येवाव शे. वाट देख."

माझा करार अकरा महिन्यांचा.
मी लिहून ठेवला.